दुखतो घोटा, चुकतं वेळापत्रक

बॅलेची एक अलिखित अट आहे: कष्ट दिसता कामा नयेत. धावपटू शर्यत संपल्यावर धापा टाकत मटकन खाली बसला तर लोक त्याचं कौतुक करतात. बॅलेरिनाने मात्र बोटांच्या टोकांवर सगळं अंग तोलून धरलं तरी कपाळावर आठी उमटू द्यायची नाही. ही अट रंगमंचापुरती राहिली असती तर हरकत नव्हती, पण ती पडद्यामागेही पाठ सोडत नाही. दुखतंय म्हणावं तर भूमिका दुसरीला जाते. म्हणून दोन गोळ्या घ्यायच्या, घोट्याला टेप गुंडाळायची आणि उभं राहायचं, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नृत्याची अकादमी काढली १६६१ मध्ये. नर्तकांच्या दुखापतींसाठी न्यूयॉर्कमध्ये हार्कनेस सेंटर उभं राहिलं १९८९ मध्ये, आणि नृत्यवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना त्यानंतर वर्षभराने. मधली तीनशे-सव्वातीनशे वर्षं मालिश, मलमं आणि मौन यांवर निघाली.

आता मात्र आकडे आहेत आणि ते बोलके आहेत. ब्रिटनमधल्या एका व्यावसायिक कंपनीतल्या ५२ नर्तकांच्या वर्षभराच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकूण दुखापती ३५५, म्हणजे माणशी जवळजवळ सात. नाचाच्या दर हजार तासांमागे ४.४. वाचून धडकी भरते, पण यात बारीकसारीक तक्रारीही धरलेल्या आहेत. लंडनच्या रॉयल बॅलेने पाच हंगामांचा हिशेब मांडला तेव्हा वैद्यकीय मदत लागलेल्या दुखापती निघाल्या १,५९६ आणि काम बंद ठेवायला लावणाऱ्या ५४३. दुखणी पुष्कळ, पण पायच काढून घेणारी त्या मानाने कमी. मला मात्र पहिल्या अभ्यासातली दुसरी एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते. त्यात स्त्री-पुरुष दोघांच्याही बहुतेक दुखापती पाय घसरून, आपटून, मुरगळून झालेल्या नव्हत्या. त्या अतिवापराच्या होत्या, आठवड्यांमागून आठवडे साचत गेलेल्या. अशा दुखण्याला तारीख सांगता येत नाही. आणि ज्याला तारीख नाही ते टाळायचं तर पायाकडे नुसतं पाहून भागत नाही. तालमी कोण ठरवतं, विश्रांती कधी मिळते, पोटात काय जातं, हेही पाहावं लागतं. बॅलेतल्या दुखापतींवरचं गेल्या चाळीस वर्षांतलं बहुतेक संशोधन फिरून फिरून याच जागी येतं, असं माझं मत आहे.

हे झालं आजचं. एकोणिसाव्या शतकात बॅलेरिनांचा सर्वांत मोठा शत्रू घोटा नव्हता, आग होती. गॅसचे दिवे आणि मलमलीचे घेरदार झगे. पॅरिस ऑपेराची एमा लिव्ही १८६२ मध्ये तालमीत पेटली आणि काही महिने तडफडून १८६३ मध्ये गेली. आग न पकडणारं कापड तेव्हा उपलब्ध होतं, पण त्याने झगा ताठ आणि मळकट दिसतो म्हणून तिने ते नाकारलं होतं. दिसणं आधी, जीव नंतर, हा क्रम त्या कलेत किती खोल रुजला होता, ते यावरून कळावं.

तंत्राची मागणीही याच काळात चढत गेली. मारी ताल्योनी १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फिड’मध्ये बोटांच्या टोकांवर नाचली ती मऊ साटिनच्या सपातांत, कडेने दोरा भरून थोड्या घट्ट केलेल्या. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानीने ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. तोवर बूट कडक झाले होते. आणि एकदा ३२ झाल्या की पुढच्या प्रत्येकीला ३२ घ्याव्याच लागतात.

टोकांवर नाचण्याच्या या बुटात, म्हणजे पॉइंट शूमध्ये, लाकूड किंवा लोखंड असतं अशी पुष्कळांची समजूत असते. तसं काही नसतं. पारंपरिक बूट उकलून पाहिला तर साटिनच्या आत कापड, गोणपाट आणि कागद यांचे थर खळीने चिकटवून बोटांभोवती एक कडक डबी केलेली दिसते. तळाला चामड्याचा निरुंद सोल आणि आत एक ताठ पट्टी. नर्तकी नवा बूट आणते आणि आधी त्याची मोडतोड करते. पट्टी हवी तिथे वाकवते, डबी जमिनीवर आपटते, टोकाला दोरा भरते, रिबिनी स्वतःच्या हाताने शिवते, कारण शिवण अर्धा इंच सरकली तरी घोट्याचा आधार सरकतो. मग नाचताना घामाने खळ मऊ पडत जाते. मोठी भूमिका असेल तर एका रात्रीत जोडी निकालात निघते. मोठ्या कंपन्या आपल्या नर्तकींना बूट पुरवतात. खर्च खिशातून करणारी विद्यार्थिनी मात्र मेलेल्या बुटात आणखी आठवडा काढते. आधार गेलेला असतो, आणि तो भार बोटांच्या सांध्यांवर आणि पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाच्या बुडाशी येतो. स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या भाराने हाडाला जाणाऱ्या बारीक तड्याची, ही बॅलेतली ठरलेली जागा आहे. १९९३ पासून गेनॉर मिंडेन या कंपनीचे कृत्रिम लवचिक पदार्थाचे बूट मिळू लागले. ते जास्त टिकतात. जुन्या वळणाचे शिक्षक अजून त्यांना नाकं मुरडतात.

पॉइंटवर उभ्या असलेल्या नर्तकीच्या पावलाकडे मागून पाहिलं तर टाच आणि नडगी जवळजवळ एकमेकींना टेकलेली दिसतात. त्या चिमटीत बरंच काही सापडतं. काहींच्या घोट्यामागे एक छोटं जास्तीचं हाड असतं. इतरांना ते आयुष्यभर कळतही नाही, नर्तकीला ते रोज टोचतं. तिथूनच पायाच्या अंगठ्याला वाकवणारा कंडरा खाली उतरतो. रहाटावरून दोर घासत जावा तसा तो घोट्याच्या हाडामागच्या अरुंद खाचेतून दिवसातून शेकडो वेळा सरकतो, सुजतो, कधी अडकतो. धावपटूंना हे दुखणं क्वचित होतं, बॅलेत मात्र नित्याचं. पूर्वी अशा घोट्यावर लवकर सुरी चालत असे. मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन बॅलेतल्या स्यू मेझ आणि त्यांचे सहकारी फिजिओ यांनी दुसरी वाट धरली: पोटरी बळकट करा, म्हणजे घोट्यावरचा ताण ती उचलेल. त्यांचा व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. एका पायावर उभं राहायचं, गुडघा ताठ, टाच शक्य तितकी वर, मग सावकाश खाली. घोटा बाहेर किंवा आत कलंडू द्यायचा नाही. एका पायावर पंचवीस. विसाव्याला टाच जरा कमी वर जाऊ लागली की समजायचं, या पायाची शिदोरी संपली. त्याबरोबर पोटऱ्या ताणत बसण्याची बॅलेतली जुनी सवय त्यांनी मोडीत काढायला घेतली. त्यामागे कारण आहे. नाचण्याआधी स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरला तर काही काळ त्याचा जोर घटतो, उडी खुजी होते. तरी कुठल्याही तालीमघरात डोकावलं तर कोपऱ्यात कोणी ना कोणी पाय फाकवून निवांत मोबाइल पाहत बसलेलं असतंच.

दुखण्याची दुसरी जागा खुबा. बॅलेत पाय बाहेर वळवून उभं राहायचं असतं, आदर्श म्हणजे दोन्ही पावलं मिळून सरळ रेषा. एवढं वळण सगळं खुब्यातून मिळणारे फार थोडे. एका खुब्यातून साठ-सत्तर अंश मिळाले तरी नशीब म्हणायचं, आणि ते मांडीच्या हाडाच्या आणि खोबणीच्या घडणीवर ठरतं. ती घडण जन्माची आणि बालपणाची. विशीत मेहनतीने बदलत नाही. मग राहिलेलं वळण चोरून आणलं जातं. गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर हवी तितकी फिरवून घट्ट रोवायची आणि गुडघे सरळ करायचे. रेषा मिळते. तिची किंमत गुडघ्याच्या आतली बाजू, पावलाची कमान आणि कंबरेचे मणके देतात. चांगल्या शिक्षकाच्या हे एका दृष्टिक्षेपात लक्षात येतं: गुडघा एकीकडे पाहतो, पाऊल दुसरीकडे. वाईट शिक्षक फक्त पावलं पाहतो.

अंग फार लवचिक असणाऱ्यांची कथा उलटी आहे. असे सांधे निवड-चाचणीत हमखास डोळ्यांत भरतात, पाय कानापर्यंत जातो. पण त्या सांध्यांना आवरून धरणं कठीण, आणि दुखापत झाली तर भरून यायला वेळ लागतो. निवड ज्या गुणावर होते तोच पुढे अंगावर येतो.

उड्यांच्या बाबतीत बॅलेने मात्र इतर खेळांना शिकवावं असं काही आहे. दीड तासाच्या एका वर्गात दोनशेच्या वर उड्या होतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एका पायावर उतरतात. तरी गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण नर्तकांत कमी. न्यूयॉर्कमध्ये २९८ बॅले आणि मॉडर्न नर्तकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा असा फाटका गुडघा फक्त १२ जणांचा निघाला. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये मुलींचे गुडघे मुलांपेक्षा कितीतरी जास्त फाटतात. बॅलेत तसा फरक दिसत नाही. लहानपणापासून उतरणं शिकवलं जातं, आवाज न करता, चवडा आधी, टाच मग, गुडघा बोटांच्या रोखाने. अभ्यासातली दुसरी बाब तितकीच बोलकी आहे: जे थोडे गुडघे फाटले ते बहुतेक दिवसाच्या शेवटी आणि हंगामाच्या शेवटी. उतरण्याचं शिक्षण थकलेल्या पायात टिकत नाही.

थकव्याचं गणित बॅलेत मुळातच चुकलेलं असतं. सकाळचा वर्ग, मग संध्याकाळपर्यंत तालमी, मग प्रयोग. दिवस भरगच्च, पण सकाळच्या वर्गात हृदयाचे ठोके फार काळ चढे राहतच नाहीत. बारवरचे, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांडीला धरून करायचे, हळू व्यायाम, मग मधे थांबणं, गटागटाने पुढे येणं. प्रयोगात एकाएकी जोराचा एकल नाच येतो आणि दम लागतो. म्हणजे वर्ग माणसाला थकवतो, पण प्रयोगासाठी लागणारा दमसास देत नाही. मॅथ्यू वायन आणि इतर अभ्यासकांनी हे वारंवार मांडलं: दमाचे आणि ताकदीचे व्यायाम वेगळे करावे लागतील. वजनं उचलली तर मांड्या जाड होतील, रेषा बिघडेल, ही भीती अनेक वर्षं त्याच्या आड आली. पुरुष नर्तकांनी ती आधी टाकली. जोडीदारणीला दिवसभर डोक्यावर उचलून कंबर धरली की जिमची वाट आपोआप सापडते.

वेळापत्रक या थकव्यात भर घालतं. उन्हाळ्याची मोठी सुट्टी संपवून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण तालमी. अमेरिकेत डिसेंबरभर ‘नटक्रॅकर’, कधी दिवसाला दोन खेळ. ऐनवेळी कोणी आजारी पडलं म्हणून एकीला दुप्पट भूमिका. हाडाला भार सोसायची सवय हळूहळू लागते, आणि एकाएकी वाढलेला भार त्याला सोसत नाही. इथे नर्तकीच्या हातात फारसं काही नसतं. वेळापत्रक ती लिहीत नाही.

आता हाडांकडे. मिशेल वॉरन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ७५ व्यावसायिक बॅले नर्तकींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी ६१ टक्के जणींचं कधी ना कधी हाड मोडलेलं होतं आणि २४ टक्के जणींच्या कण्याला बाक होता. आणि पाळी जितकी उशिरा आली किंवा जितकी लांबली, तितका धोका जास्त. हाडं का मोडतात, हे कोडं उलगडलं ते इथे. पुरेसं न खाता तासन्‌तास राबणारं शरीर आधी पाळीला कात्री लावतं. इस्ट्रोजेन घटतं, हाडांत भर पडायच्या वयात भर पडत नाही. अपुरी ऊर्जा, बिघडलेली पाळी आणि ठिसूळ हाडं या त्रिकुटाकडे क्रीडावैद्यकाचं लक्ष १९९० च्या दशकात गेलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने व्याख्या रुंदावून पुरुषांनाही तीत घेतलं आणि हृदय, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती यांच्यावरचे परिणामही जोडले. हे फक्त जेवण टाळणाऱ्या मुलींचं दुखणं नाही. सकाळी घाईत कॉफी, दुपारी वर्गामुळे अर्धं जेवण, रात्री प्रयोगानंतर भूकच मेलेली, असं रोज झालं तरी तेच होतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो म्हणून सगळं सुरळीत आहे असं मानणं ही फसगत. त्या रक्तस्रावाने हाडांचा हिशेब कळत नाही. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा येत असलेली तीन महिने थांबली, तर डॉक्टरकडे जायचंच.

अमेरिकन बॅले थिएटरची मिस्टी कोपलंड हे या सगळ्याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण. पाळी उशिरा आलेली. कंपनीत येताच कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, जवळजवळ वर्ष गेलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ‘फायरबर्ड’ची मोठी भूमिका मिळाली, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, तेव्हा नडगी दुखत असतानाही ती नाचली. तपासणीत नडगीला सहा स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. शस्त्रक्रिया होऊन हाडाला पट्टी बसवावी लागली. ती परतली आणि २०१५ मध्ये त्या कंपनीची पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तकी झाली, म्हणून ही कथा सगळे आनंदाने सांगतात. ज्या परतल्या नाहीत त्यांच्या कथा कुठे छापून येत नाहीत.

सडपातळपणाचा हट्ट कुठून येतो? अमेरिकन नर्तकी गेल्सी कर्कलंडने १९८६ च्या आत्मचरित्रात न्यूयॉर्क सिटी बॅलेतला आपला उपासमारीचा अनुभव उघडपणे लिहिला. तेव्हा काहींनी ती मानसिकदृष्ट्या दुबळी होती म्हणून विषय झटकला. २०१९ मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली. विद्यार्थ्यांचं आरोग्य धोक्यात घातलं गेलं, असं चौकशी आयोगाने म्हटलं; बारीक राहायला सिगारेट ओढा, असा सल्लाही तिथे मुलांना दिला गेल्याचं त्यात होतं. एकविसाव्या शतकात, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत.

पण चित्र इतकं काळं ठेवणं अन्यायाचं होईल. ज्या ब्रिटिश कंपनीचे आकडे वर दिले तिने पुढची दोन वर्षं प्रत्येक नर्तकाची तपासणी केली, प्रत्येकाचे कच्चे दुवे हेरून वेगळा व्यायाम लावला आणि दुखापतींचा हिशेब चालू ठेवला. प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. नवं यंत्र, नवं औषध काही नाही. वही आणि नियमितपणा. दिवसभर बंद तालीमघरात राहणाऱ्या नर्तकांना हिवाळ्यात ड जीवनसत्त्व दिलं तर उडी आणि ताकद वाढली, दुखापती घटल्या, असंही बर्मिंगहॅमच्या नर्तकांवरच्या २०१४ मधल्या एका अभ्यासात दिसलं. नर्तक जेमतेम दोन डझन होते, तेव्हा त्यावर इमारत उभारू नये. बर्फाच्या बादल्या, फोम रोलर, चिकटपट्ट्या यांवर नर्तकांची श्रद्धा फार. आराम वाटतो हे खरं, प्रतिबंधाचा पुरावा तोकडा. झोपेचा पुरावा त्याहून भक्कम आहे, पण रात्री अकराला मेकअप उतरवून सकाळी दहाच्या वर्गाला हजर राहणाऱ्याला ती सांगणं सोपं नाही.

डेव्हिड हॉलबर्ग हा अमेरिकन नर्तक घोट्याच्या दुखापतीने २०१४ मध्ये रंगमंचावरून गेला, शस्त्रक्रिया करूनही सावरेना. शेवटी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेच्या त्या फिजिओंकडे गेला आणि चौदा महिने शरीर मुळापासून पुन्हा बांधलं. पहिल्या दिवसांत त्याला नाचायला दिलंच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सिडनीला तो ‘कोपेलिया’त परतला, २०२१ पासून त्याच ऑस्ट्रेलियन बॅलेचा कलासंचालक आहे, म्हणजे वेळापत्रक आता त्याच्या हातात आहे. चौदा महिने वैद्यकीय मदत देत थांबणारी संस्था मिळणं हेही उपचारातच धरायला हवं.

आपल्याकडे बॅलेची मुळं वाटतात तितकी नवी नाहीत. ॲना पावलोवा १९२० च्या दशकात मुंबईत नाचून गेली. तुश्ना डल्लास यांनी मुंबईत बॅलेची शाळा १९६६ मध्ये काढली. २०२० मध्ये सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा चित्रपट आला तेव्हा बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्या हाताखाली शिकलेल्या अमिरुद्दिन शाह आणि मनीष चौहान यांची गोष्ट घरोघर पोचली. चित्रपटाने एक जोखीम मात्र रोमांचक करून दाखवली: उशिरा सुरुवात. पंधरा-अठराव्या वर्षी बॅले शिकणाऱ्याकडे जोर असतो, जिद्द असते, पण खुब्याची घडण ठरून गेलेली असते आणि पोटऱ्यांना बारा वर्षांची सवय नसते. तेव्हा वळणाची चोरी सर्वांत जास्त होते.

मुंबई-पुण्याच्या पालकांना जो प्रश्न सर्वाधिक पडतो तो पॉइंट शूचा. आंतरराष्ट्रीय नृत्यवैद्यक संघटनेचं मार्गदर्शन इथे बरंच स्पष्ट आहे. बाराव्या वर्षाआधी नको. वर्ग आठवड्यातून एकदाच असेल तर नकोच. दोनदा असेल आणि पाय, पोट, पाठ बळकट असतील तर शिक्षणाच्या चौथ्या वर्षी. तारीख नुसत्या वयावरून नाही, पायावरून ठरते: एका पायावर न डगमगता उड्या मारता येतात का, एका पायावर उभं राहून धड पुढे झुकवलं तरी कंबर सरळ राहते का. वर्गाची जमीनही पाहावी. स्लॅबवर बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर उड्या नकोत. लाकडाखाली पोकळी असलेली, पाऊल पडल्यावर किंचित दबणारी जमीन हवी, आणि वर विनाइलचा थर. आणि शाकाहारी घरात बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं. आपल्याकडे ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाचा तुटवडा सर्रास आढळतो.

शेवटची गोष्ट स्ट्रेस फ्रॅक्चर ओळखण्याची. वर्गानंतरचा ठणका सगळीकडे पसरलेला असतो आणि दोन दिवसांत ओसरतो. हाडाचा ठणका एका बोटाने दाखवता येतो, नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला, आणि उडी मारली की नेमका तिथेच कळ मारतो, पुढे पुढे रात्रीही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. तो पाहून घरचे निर्धास्त होतात आणि मुलगी पुन्हा वर्गाला जाते. अशा वेळी एमआरआयचं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत उड्या बंद, पॉइंट बंद, बारवरचं हाताचं काम चालू.